बॉक्सरमावशींचा राहिलेला निकाल

बॉक्सरमावशींना फोनवर बोलणं जमत नसे, कारण फोनवर समोरच्याचे पाय दिसत नाहीत. प्रत्यक्ष भेटीतही त्या आधी पायच बघत. नाव, गाव, शिक्षण, नोकरी ही चौकशी नंतर. जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनमध्ये त्यांच्या घराचा तळमजला भाड्याने घ्यायला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा दारात उभी राहून मी माझी रीतसर ओळख करून देत होते. मी नाशिकची, सिंडेलफिंगेनला गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर म्हणून लागलेय, शाकाहारी आहे, गाणी मोठ्याने लावत नाही. मावशी मान खाली घालून ऐकत होत्या. मला वाटलं, बाई लाजाळू दिसतात. माझं बोलणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "दोन्ही टाचा जोडून का उभी राहतेस गं? कुणी नुसतं बोट लावलं तरी पडशील." आणि खरंच माझ्या खांद्याला एक बोट लावलं. मी पायपुसण्यावरून मागे घसरले, हातातली फाइल जिन्यावर पडली. "बघ," त्या म्हणाल्या. "ये आत. चहा घेतेस ना?"

सुमन त्यांचं नाव. मूळच्या कराडच्या. लग्न होऊन चाळीसेक वर्षांपूर्वी इकडे आल्या. काका इंजिनिअर, मोजकं बोलणारे. गावातली सगळी मराठी माणसं त्यांना बॉक्सरमावशी म्हणत, आणि तोंडावर म्हणत. त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. मी त्या घरात आठ वर्षं राहिले. आता बर्लिनला येऊन दीड वर्ष होत आलं. त्या आठ वर्षांत त्यांनी मला जेवढं वैतागवलं तेवढं माझ्या आईने, साहेबाने आणि जर्मन व्याकरणाने मिळूनही वैतागवलं नसेल.

पहिला वैताग खिडक्यांचा. जर्मन लोक घरात हवा खेळती ठेवण्यासाठी रोज खिडक्या उघडतात, त्याला ल्युफ्टन म्हणतात, हे मला माहीत होतं. मावशींनी त्याचं व्रत केलं होतं. बाहेर बर्फ असो, मी आजारी असो, ऑफिसची ऑनलाइन मीटिंग चालू असो, सकाळी त्या स्वतःच्या किल्लीने माझं दार उघडून आत येत आणि सगळ्या खिडक्या सताड उघडून जात. मी गोधडीत कुडकुडत म्हणायची, "मावशी, निदान बेल तरी वाजवा." त्या म्हणत, "बेल वाजवली असती तर तू नको म्हणाली असतीस." त्यांचं म्हणणं होतं की घाम आणि भीती या दोन्हींचा वास खोलीत रात्रभर राहू देऊ नये. बॉक्सिंगच्या हॉलमध्ये त्या हेच सांगत. पण मी घरात फक्त वरणभात केलेला असायचा. त्यात घाम कसला आणि भीती कसली!

दुसरा वैताग म्हणजे त्या कुठेही माझ्या कोपऱ्यात उभ्या राहत. कोपरा म्हणजे रिंगचा कोपरा, जिथे दोन फेऱ्यांच्या मधे बॉक्सर स्टुलावर बसतो आणि ट्रेनर त्याला पाणी पाजतो, कानात दोन गोष्टी सांगतो. माझा व्हिसा वाढवायचा होता तेव्हा आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, मला एकटीनेच जायचं होतं. मावशी पर्स आणि पाण्याची बाटली घेऊन आधीच गाडीत बसल्या होत्या. आतल्या बाईंनी एक कागद कमी आहे म्हणून मला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. मी रडवेली होऊन बाहेर आले तर मावशींनी मला खुर्चीत दाबून बसवलं, समोर वाकल्या आणि माझे खांदे चोळायला लागल्या. तिथे टोगोपासून तुर्कस्तानापर्यंतची माणसं बसली होती. सगळी बघत होती.

"पहिली फेरी तिची गेली," मावशी म्हणाल्या. "जाऊ दे. पाणी पी. गिळू नकोस सगळं, थोडंच पी. आता आत गेलीस की आधी बोलू नकोस. तिला बोलू दे. तिचं बोलून संपलं की मग आपण."

"मावशी, मला फक्त कंपनीचं पत्र द्यायचंय. मोबाइलवर आहे माझ्या."

"तेच सांगतेय मी. घाई करू नकोस."

मी आत गेले, पत्र दाखवलं, काम झालं. बाहेर आल्यावर मावशींनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीत असा धपाटा घातला की माझा चष्मा नाकावरून उडाला. परतीच्या वाटेवर सबंध वेळ त्यांनी मला दुसरी फेरी मी कशी जिंकली हे समजावून सांगितलं.

मराठी मंडळातही हेच. गणपतीच्या कार्यक्रमात नव्या सेक्रेटरींनी त्यांची ओळख करून देताना म्हटलं, "आपल्या मावशी इतकी वर्षं इथल्या मुलींना एरोबिक्स शिकवतात." बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. मावशी उठल्या, त्याच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाल्या, "बॉक्सिंग. एरोबिक्समध्ये समोरची परत मारत नाही." मग माइक परत देऊन जागेवर बसल्या. आरती दहा मिनिटं उशिरा सुरू झाली, कारण पुढे काय बोलायचं हे सेक्रेटरींना सुचेना.

पण सगळ्यात मोठा वैताग हा की ही बाई स्वतःची गोष्ट कधी पूर्ण सांगत नसे. सुरुवात झकास करायची. "मी नि इनग्रिड तंबूत शिरलो, आणि सगळे पुरुष एकदम..." एवढं म्हणायचं आणि मग उठून कुकर बंद करायला जायचं. परत आल्यावर त्या भलत्याच विषयावर. "मावशी, सगळे पुरुष एकदम काय?" "कुठले पुरुष?" मी डोकं धरून बसायची. मला जे कळलं ते सगळं काकांकडून, तेही मावशी हॉलवर गेल्या असताना. काका गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगत. मधे कुकर झाला तर तो होऊ देत.

मावशी इथे आल्या त्या पहिल्या हिवाळ्यात काका दिवसभर कारखान्यात असत आणि त्या घरात एकट्या. भाषा येत नव्हती. कुणीतरी सुचवलं म्हणून बायकांच्या व्यायामाच्या वर्गाला जायला लागल्या. एका जुन्या शाळेच्या तळघरात तो वर्ग भरायचा. तिथे हातात रिबिनी देऊन संगीतावर गोल गोल फिरवत. शेजारच्या खोलीतून धप्प धप्प असा आवाज यायचा. तिसऱ्या आठवड्यात मावशी रिबीन हातात घेऊनच त्या खोलीत गेल्या. पाच-सहा पुरुष पोत्यावर ठोसे मारत होते आणि बॉयलरजवळच्या कोपऱ्यात एक दांडगी, लालबुंद गालांची मुलगी एकटीच दोरीवरच्या उड्या मारत होती. ती इनग्रिड. सिंडेलफिंगेनच्या एका खाटकाच्या दुकानात कामाला होती. भाऊ बॉक्सर, त्याच्या मागोमाग यायची. तिथल्या म्हाताऱ्या ट्रेनरने तिला हाकललं नव्हतं, एवढंच. तिने मावशींच्या हातातली रिबीन काढून घेतली आणि आपली दोरी दिली. दोघींमध्ये एकही समान भाषा नव्हती.

त्या काळी इथे बायकांना अधिकृत सामने खेळायला मनाई होती. सराव करा, पोत्याला मारा, घाम गाळा, पण रिंगमध्ये दुसरीसमोर उभं राहायचं नाही. सामना खेळायचा तर डॉक्टरचा दाखला लागायचा, आणि डॉक्टर बायकांना दाखला देत नसत. छातीला मार लागतो, मूल होत नाही, चेहरा जातो, अशी कारणं सांगत. मावशी आणि इनग्रिड मिळून तीन डॉक्टरांकडे जाऊन आल्या. तिसरा म्हणाला की नाजूक शरीराला हे झेपायचं नाही. इनग्रिड त्या सकाळीच अर्धं डुक्कर खांद्यावर घेऊन दुकानाच्या पायऱ्या चढली होती.

काकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं बायको रिबिनी फिरवायला जाते. एके दिवशी इनग्रिडचा ठोसा मावशींच्या डाव्या डोळ्यावर बसला आणि डोळा काळानिळा झाला. काकांना त्यांनी सांगितलं, "कपाटाचं दार लागलं." काकांनी विश्वास ठेवला. शेजाऱ्यांनी ठेवला नाही. परदेशातून आलेली, भाषा न येणारी, घरात एकटी असणारी तरुण बायको आणि तिचा सुजलेला डोळा. सगळ्या गल्लीने एकच अर्थ लावला. खालच्या मजल्यावरच्या बाई काकांना बघून दार आपटायला लागल्या. बेकरीत कुणी त्यांच्याशी बोलेना. मग एका संध्याकाळी चर्चच्या दोन बायका केक घेऊन आल्या, मावशींचा हात हातात घेऊन हळू आवाजात काही विचारू लागल्या आणि काकांना म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर थांबाल का?

काका मला हे सांगताना इतक्या वर्षांनीही कपाळावर हात मारत. "अगं, मी जिन्यात उभा. थंडीत. आणि आत माझी बायको मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये त्यांना सांगतेय, की मला नवऱ्याने नाही मारलं, इनग्रिडने मारलं. त्या बायका विचारतायत, ही इनग्रिड कोण? तुमच्या नवऱ्याची कोण लागते?"

प्रकरण काकांच्या साहेबांपर्यंत गेलं. साहेबांनी बोलावून विचारलं तेव्हा काकांनी सांगितलं की माझी बायको बॉक्सिंग करते, जे त्यांना आदल्या रात्रीच कळलं होतं. साहेब म्हणाले, त्यापेक्षा जरा बरं कारण शोधा. शेवटी चिडून काकांनी साहेबांनाच सोबत घेतलं आणि थेट तळघरात नेलं. तिथे मावशी आणि इनग्रिड एकमेकींना चोपत होत्या. साहेब थोडा वेळ बघत राहिले, काकांची माफी मागून गेले. काका मात्र थांबले. संतापलेले होते, घरी गेल्यावर काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. तेवढ्यात फेरी संपली. मावशींनी बघितलं की नवरा आलाय, आणि त्या ओरडल्या, "अहो, ती बादली द्या इकडे!" काकांनी बादली दिली. चूळ थुंकायची बादली. त्यानंतर दहा-बारा वर्षं त्यांनी ती सोडली नाही.

मग तो सामना. तो सामना नव्हताच म्हणा, त्याचं नाव होतं 'प्रात्यक्षिक'. उन्हाळ्यात एका गावच्या जत्रेत बिअरच्या मोठ्या तंबूमध्ये पुरुषांच्या लढती होत्या, आणि मध्यंतरात दहा मिनिटं भरून काढायची होती. म्हाताऱ्या ट्रेनरने आयोजकांना कसंबसं पटवलं. माइकवरच्या माणसाने सांगितलं, आता जरा डोळ्यांना विसावा. दोघी तंबूत शिरल्या आणि सगळे पुरुष एकदम हसायला लागले. मावशींचं ते अर्धवट वाक्य मला असं तीन वर्षांनी पूर्ण मिळालं. शिट्ट्या झाल्या. कपडे काढा, असं कुणीतरी ओरडलं. बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात त्या पुठ्ठ्याच्या चकत्या रिंगमध्ये येऊन पडल्या. पहिल्या फेरीत दोघी त्या चकत्यांवरून घसरत होत्या, आणि तंबूला तीच करमणूक वाटली.

दुसऱ्या फेरीत मावशींचा डावा हात इनग्रिडच्या नाकावर बसला. रक्त आलं. इनग्रिडने ते हातमोज्याने पुसलं आणि मावशींना रिंगच्या दोरापर्यंत मागे रेटत नेलं. काका सांगायचे, "तेव्हा तंबू गप्प झाला. शिट्टी नाही, काही नाही. नुसते बुटांचे आवाज." तिसरी फेरी संपली तेव्हा काही लोक उभे राहिले होते. दोघी रिंगच्या मधे येऊन उभ्या राहिल्या, म्हाताऱ्या ट्रेनरच्या दोन बाजूंना. तोच पंच होता. लढत संपली की पंच दोघांची मनगटं धरतो आणि जिंकणाऱ्याचा हात वर करतो. त्याने मनगटं धरली. मग खाली बसलेल्या आयोजकाने मान हलवली. प्रात्यक्षिकाला निकाल नसतो. म्हाताऱ्याने दोघींची मनगटं सोडली, हात मिळवले आणि त्यांना रिंगबाहेर पाठवलं. माइकवर पुढच्या लढतीची नावं पुकारली गेली.

नव्वदीच्या दशकात मनाई उठली. ट्रेनरचा फोन आला, तो काकांनी घेतला. त्या दिवशी मावशींनी पुरणपोळ्या केल्या, इनग्रिड दुकानाचा एप्रन न काढताच धावत आली. मग फोनवरचं उरलेलं बोलणं काकांनी सांगितलं. सामने खेळायला वयाची अट होती, आणि दोघींनीही ते वय ओलांडलं होतं. त्यावर मावशी एवढंच म्हणाल्या, "गरम आहेत तोवर खाऊन घ्या." पुढच्या गुरुवारपासून दोघींनी मुलींना शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या हाताखालची पहिली मुलगी अधिकृत सामना जिंकली, पंचाने तिचा हात वर केला, तेव्हा या दोघी तिच्या कोपऱ्यात होत्या. "एकमेकींकडे बघतसुद्धा नव्हत्या," काका म्हणाले. "दोघी मिळून बादली आवरत होत्या. एक बादली आवरायला दोघी कशाला लागतात?"

एवढं सगळं ऐकल्यावर कुणालाही त्या दोघींबद्दल आदर वाटेल. मलाही वाटला असता, पण गुरुवारची कॉफी आड यायची. दर गुरुवारी दुपारी इनग्रिड केक घेऊन यायची आणि वरच्या मजल्यावर त्या दोघी तंबूतल्या त्या लढतीवरून भांडायच्या. कोण जिंकलं? मावशी म्हणायच्या मी. इनग्रिड म्हणायची मी. पस्तीस वर्षं. मी घरून काम करायला लागल्यावर ते सगळं छतातून मला ऐकू यायला लागलं. दोघींनाही मला साक्षीला बोलवायची हौस. "तूच सांग गं हिला, नाकातून रक्त कुणाच्या आलं?" त्यावर इनग्रिड आपल्या श्वाबियन बोलीतल्या जर्मनमध्ये म्हणायची, "रक्ताने काय होतं, झूमान? दोरावर कोण गेलं होतं?" तिला सुमन म्हणता येत नसे. मी म्हणायची, मी तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते, मला कामं आहेत. "गेनाऊ! अगदी बरोबर!" इनग्रिड म्हणायची. "म्हणूनच तू निःपक्षपाती आहेस. बस."

दोन वर्षांपूर्वी इनग्रिडच्या फुप्फुसांत काहीतरी निघालं. उपचार झाले, मग उपचार थांबवले. काका गाडी चालवायचे बंद झाले होते आणि मावशी चालवायच्या तेव्हा शेजारी बसणाऱ्याला धडकी भरायची, म्हणून गुरुवारी त्यांना हॉस्पिटलला न्यायचं काम माझ्याकडे आलं. केक आता आम्ही न्यायचो. इनग्रिड खात नसे. तो लालबुंद चेहरा पिवळट आणि एवढासा झाला होता, नाकात ऑक्सिजनची नळी. मावशी तिथेही आधी खिडकी उघडायच्या. नर्स येऊन बंद करायची. मावशी परत उघडायच्या.

त्या गुरुवारी इनग्रिड बराच वेळ डोळे मिटून पडली होती. मग मावशींच्या हातावर हात ठेवून ती हळूच म्हणाली, "झूमान, तू जिंकली होतीस."

मला वाटलं मावशी रडतील. मीच रडायच्या बेतात होते. मावशी खुर्चीवरून ताडकन उठल्या.

"काय म्हणालीस?"

"तंबूमध्ये. तू जिंकलीस."

"मला भीक घालतेस?" मावशींचा आवाज चढला. जर्मन संपलं की मराठी, मराठी संपलं की जर्मन. "पस्तीस वर्षं नाही म्हणालीस आणि आता पडल्या पडल्या मला पॉइंट देतेस? घे परत! आत्ताच्या आत्ता परत घे! तिसरी फेरी कुणाची होती? बोल ना! माझे हात वर उठत नव्हते तिसऱ्या फेरीत, तुला माहितेय ते!"

मी मावशींचा दंड धरला. "मावशी, अहो, हळू. हॉस्पिटल आहे. त्या आजारी आहेत."

"आजारी आहे म्हणून खोटं बोलायचं?"

नर्स दारात आली. इनग्रिडने तिला हातानेच थांबवलं. ती हसत होती, हसताना खोकत होती, आणि खोकला थांबल्यावर म्हणाली, "ठीक आहे. मग मी जिंकले."

"तेही नाही!"

"मग काय ते एकदाचं ठरवा," मी म्हणाले. मला खरंच असह्य झालं होतं. इतके दिवस छतातून ऐकलेलं सगळं एकदम डोक्यात गेलं. इनग्रिडने माझ्याकडे बघितलं, मग मावशींकडे. "हिला सांग," ती म्हणाली. "ही देईल निकाल."

मावशींनी मान हलवली. खुर्ची सरकवली. "ये. मधे उभी राहा. आमची मनगटं धर. अशी नाही, घट्ट धर."

मी पलंगाच्या कडेला उभी राहिले. एका हातात मावशींचं रुंद, बांगड्या सरकवलेलं मनगट. दुसऱ्या हातात इनग्रिडचं, हॉस्पिटलच्या पट्टीतून सहज निसटेल इतकं बारीक. दोघी सरळ समोर बघत होत्या, माझ्याकडे नाही. नर्ससुद्धा हलली नाही. मी एक श्वास घेतला आणि दोन्ही हात वर केले. "उनएंटशीडन," मी म्हणाले. बरोबरी.

"काय?" दोघी एकदम म्हणाल्या.

"बरोबरी? कुठून आली बरोबरी?" मावशी मराठीत.

"तीन फेऱ्यांत बरोबरी होतच नाही," इनग्रिड जर्मनमध्ये. "हिने कधी लढत बघितलीय तरी का?"

"ब्रेक बनवते ही. हिला काय कळतं!"

"पंच बदला," इनग्रिड म्हणाली आणि एवढं बोलून दमली. उशीवर डोकं टेकून ती मावशींकडे बघत राहिली, मावशी तिच्याकडे, आणि दोघी मिळून मला नावं ठेवत राहिल्या. घरी येईपर्यंत गाडीत मावशी माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. सिग्नलला मात्र दोनदा स्वतःशीच म्हणाल्या, "बरोबरी!"

त्यानंतर दोन आठवड्यांनी इनग्रिड गेली. शेवटच्या निरोपाला चर्चमध्ये पास्टरने तिच्याबद्दल चांगलं सांगितलं. दुकान, भाचवंडं, बाग. मग म्हणाला, खेळाचीही तिला आवड होती. मावशी पहिल्या बाकावरून उठून उभ्या राहिल्या. "बॉक्सिंग," त्या स्पष्ट म्हणाल्या. "ती बॉक्सर होती. तसं म्हणा." पास्टर गोंधळला, मग त्याने तसं म्हटलं. मावशी बसल्या.

आणि मग घर शांत झालं. खिडक्या उघडायला कुणी येईना. मला सकाळी उबेत झोपायला मिळू लागलं, जे मी आठ वर्षं मागत होते. मी अंथरुणात पडून वर पावलं वाजतात का ते ऐकत राहायची. एका शनिवारी काका खाली आले. दारात उभे राहिले, त्यांनी बेल वाजवली होती. "बोलत नाही गं ती," ते म्हणाले. "हॉलवरही गेली नाही. मुली फोन करतात, उचलत नाही. मी काही विचारलं तर हो म्हणते." त्यांनी पायपुसणं पायाने सरळ केलं. "कशालाही हो म्हणते."

पुढच्या गुरुवारी मी ऑफिसमधून लवकर निघाले, इनग्रिड ज्या बेकरीतून आणायची तिथूनच चीजकेक घेतला आणि वर गेले. मावशी सोफ्यावर बसल्या होत्या, हात मांडीवर. माझ्या पायांकडेही त्यांनी बघितलं नाही. काकांनी ताटल्या आणल्या. मी केक कापला, कॉफी ओतली, समोर बसले. काय बोलावं ते मी ठरवून गेले नव्हते. बाहेर अंधारून येत होतं, कॉफी निवत चालली होती, आणि ती बाई समोर बसून कशालाही हो म्हणत होती. मला ते बघवेना.

"मावशी, त्या निकालाचा मी फेरविचार केलाय," मी म्हणाले.

"हो," मावशी म्हणाल्या.

"बरोबरी नव्हती ती. इनग्रिड जिंकली."

काकांचा चमचा बशीत वाजला. मावशींनी सावकाश मान वर केली.

"काय म्हणालीस?"

"इनग्रिड जिंकली. तुम्ही दोरावर गेलात. तिसऱ्या फेरीत तुमचे हात उठत नव्हते, असं तुम्हीच हॉस्पिटलमध्ये म्हणालात. नर्सपण होती. नाकातून रक्त आलं म्हणून काही होत नाही."

"अगं, तुला काय माहितेय दोराचं?" मावशींनी कप खाली ठेवला. "मी दोरावर गेले, ते कुणी नेलं म्हणून नाही. मी मुद्दाम गेले. तिला पुढे ओढायला! तिचं वजन पुढे आलं की तिची उजवी बाजू उघडी पडायची, प्रत्येक वेळी पडायची, म्हातारा सांगून थकला. आणि तिथे मी..." त्या उठल्या. मला वाटलं आता कुकर बंद करायला जाणार. पण त्या टेबलाला हात घालून म्हणाल्या, "अहो, हे सरकवा तिकडे. ऊठ गं तू. तू इनग्रिड. ये पुढे. ये, ये, घाबरतेस काय, रेट मला."

मी पुढे गेले. मावशी दोन पावलं मागे सरकल्या, भिंतीला पाठ लागली, आणि त्यांचा डावा हात खालून इतक्या वेगाने आला की मला दिसलाच नाही. तो माझ्या बरगडीला नुसता टेकला.

"इथे," मावशी म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "इथे बसला होता तिला. पूर्ण ताकदीने. माझ्या आयुष्यात एवढा चांगला ठोसा मी परत कधी मारला नाही. तिला श्वास घेता येईना. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी. एवढे सगळे पुरुष बघत होते, ती खाली कधी बसते म्हणून." त्यांची मूठ अजून माझ्या बरगडीवर होती. "नाही बसली गं ती."

काका टेबल परत जागेवर आणायला वाकले.

"राहू द्या तिथेच," मावशी म्हणाल्या. "तिसरी फेरी दाखवायचीय हिला."